पहाटेच का पडते ईएलसीबी? दिवाळीच्या माळांतला करंट कसा शोधावा

दसरा सरला की माझ्या दुकानात मोटारींपेक्षा माळांचीच चौकशी जास्त. परभणीत माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. वर्षभर बोअरच्या जळक्या मोटारी भरायच्या आणि महालक्ष्म्यांपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लोकांच्या लायटिंगच्या तक्रारी ऐकायच्या. तक्रार बहुतेक एकच असते. "भाऊ, ईएलसीबी सारखी पडायलीय. लोड जास्त झाला का हो?"

लोड झालेला नसतो. एक साधी एलईडी माळ पाच ते दहा वॅट खाते. अशा दहा माळा लावल्या तरी शंभर वॅटच्या आत, म्हणजे एका जुन्या पंख्यापेक्षा थोडं जास्त. त्याच घरात हजार वॅटची इस्त्री रोज चालते आणि काही पडत नाही. मग एवढीशी माळ लावल्यावर का पडावं?

कारण ईएलसीबी लोड मोजतच नाही. लोड पाहणारी ती एमसीबी. ईएलसीबीचं काम वेगळं: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. मधे थोडा करंट भिंतीतून, रेलिंगमधून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की हिशोब जुळत नाही आणि ती खटका पाडते. आपण सगळे ईएलसीबी म्हणतो, पण आजकाल बोर्डात बसते ती आरसीसीबी, आणि घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअॅम्पियर लिहिलेलं असतं. नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअॅम्पियर घेतो. त्याहूनही कमी करंट बाहेर गळला तरी ती लाइन तोडते, कारण तेवढा करंट छातीतून गेला तर माणूस दगावू शकतो.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. दुकानात दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरी हा घोळ तीन दिवाळ्या चालला होता.

पहिल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे पाचला आई न्हाणीघरातून ओरडली, "लाइट गेली बघ रे." गल्लीत सगळीकडे उजेड, आमच्याच घरी अंधार. बोर्ड उघडून पाहिला तर ईएलसीबी खाली. वर केली, दोन मिनिटांत पुन्हा खाली. माळा बंद केल्या, ती टिकली. म्हटलं माळेत दोष आहे. पण संध्याकाळी त्याच माळा लावल्या तर रात्री बारापर्यंत काही नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच प्रकार, तीच वेळ. या खेपेला गिझर बंद करून पाहिला आणि ईएलसीबी टिकली. मग दोष गिझरचाच ठरला. माळ्यावरचा पितळी बंब काढून अभ्यंगस्नान उरकलं आणि गिझर दुकानात नेला. तिथे तो तासभर चालवला. एकदाही पडली नाही. परत आणून बसवला. पुढे अख्खं वर्ष गिझर चालला, काही तक्रार नाही.

तिसऱ्या वर्षी डोकं ठिकाणावर ठेवून बसलो. माळा एकट्या चालतात. गिझर एकटा चालतो. दोन्ही मिळून संध्याकाळी कधी चालवलेच नव्हते, कारण संध्याकाळी गिझर कोण लावतो? पहाटे मात्र दोन्ही चालू, आणि वर गच्चीवर दहिवर पडलेलं.

३० मिलिअॅम्पियरची ईएलसीबी बरोबर ३० लाच पडते असं नाही. नियमाप्रमाणे ३० ला ती पडलीच पाहिजे आणि १५ च्या खाली पडता कामा नये. या दोहोंच्या मधे कुठेही पडू शकते. शिवाय ती गळती एकेका वस्तूची मोजत नाही, तिच्यामागच्या सगळ्या वायरिंगची बेरीज बघते. गिझरची कॉइल जुनी झालेली. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर, लावला तर अठरा किलोओहम दाखवला. २३० व्होल्टला हे जवळपास तेरा मिलिअॅम्पियर झाले. म्हणजे एकट्याने पडायची नाही, पण काठावर आलेली.

आता दुसरा हिस्सा शोधायचा होता. माळ गच्चीच्या लोखंडी रेलिंगवर गुंडाळलेली. हाताने चाचपत गेलो तर मधेच एक जॉइंट लागला. आधीच्या महालक्ष्म्यांना वायर कमी पडली म्हणून मीच दिला होता. दोन वायरी पिळून वर काळी टेप. टेपचं टोक सुटून कुरळं झालेलं, आत हिरवट पडलेलं तांबं दिसत होतं, आणि तो जॉइंट नेमका रेलिंगच्या पाइपला टेकलेला. माळ खाली आणली, दोन्ही पिना एकत्र बांधून मेगरच्या एका वायरीला जोडल्या. जॉइंटवर ओलं फडकं गुंडाळून दुसरी वायर त्याला लावली. कोरड्या जॉइंटला मेगर काहीच गळती दाखवत नव्हता. फडकं लावताच एकवीस किलोओहम. म्हणजे अकरा मिलिअॅम्पियर.

तेरा आणि अकरा चोवीस. खटका पडायला एवढं पुरे.

त्या आकड्यापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. त्याच रेलिंगवर आई दर दिवाळीला पहाटे न्हाणं झाल्यावर ओला टॉवेल वाळत घालायला जाते. अनवाणी.

म्हणून पहिली गोष्ट: ईएलसीबी पडते म्हणून तिला बायपास करू नका. "सणाचे चार दिवस डायरेक्ट करून द्या" असं सांगणारं गिऱ्हाईक दर वर्षी येतं आणि तसं करून देणारे वायरमनही आहेत. मी करत नाही, मग गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

दोष कुठे आहे, हे कसं काढायचं

ईएलसीबी पडलेली असताना सगळ्या माळा, आकाशकंदील, एक्स्टेन्शन बोर्ड यांच्या पिना सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त एकच वायर तोडते, आणि न्यूट्रल जरी कुठे रेलिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकली तरी ईएलसीबी पडते. बटण बंद असूनही पडते म्हणून लोक चक्रावतात, त्याचं कारण बहुधा हेच.

सगळं काढल्यावर ईएलसीबी वर टिकली तर एकेक पिन घालत जा. एक घातली की दोन-तीन मिनिटं थांबा. जिच्यावर पडली तिला बाजूला काढा, पण तिच्यावरच खापर फोडू नका. बाकीच्या सगळ्या काढून ती एकटीच लावून बघा. एकटी चालत असेल तर आमच्या घरासारखी बेरीज आहे, आणि अर्धा दोष दुसरीकडे आहे. गिझर, पाण्याची मोटार, जुना फ्रिज आणि कूलरचा पंप यांच्यावर माझा पहिला संशय असतो.

पहाटेच पडत असेल तर शोधही पहाटेच घ्या. दुपारी बाराला सगळं कोरडं असतं, तेव्हा वायरमन बोलावून काही सापडत नाही. तो दोनशे रुपये घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडते. माणूस मिळत नसेल तर दुपारी संशय असलेली माळ काढून, पिन सॉकेटबाहेर ठेवून, जॉइंट आणि होल्डर ओल्या फडक्याने पुसा आणि मेगरवाल्याकडे न्या. चालू माळेवर पाणी शिंपडून बघणारा एक महाभाग मला माहीत आहे. ते करू नका.

सगळ्या पिना काढूनही पडत असेल तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यानंतरच्या दिवाळीत असे फोन फार आले. भिंती आतून ओल्या, बोर्डाच्या डबीत पाणी उतरलेलं. तिथे माळांचा काही दोष नव्हता. बिचाऱ्यांना उगाच शिव्या.

आणि एक प्रकार असा, की माळ कोरडी ठणठणीत, नवीकोरी, तरी बटण दाबताक्षणी पडते. तेव्हा इन्व्हर्टर बघा. वायरिंग करताना इन्व्हर्टरच्या पॉइंटची न्यूट्रल घाईत दुसऱ्याच लाइनच्या न्यूट्रलला जोडलेली असते. करंट जातो एका वाटेने आणि येतो दुसऱ्या वाटेने, मग ईएलसीबीला वाटतं गळती झाली. हे काम घरी करायचं नाही, जाणता वायरमन लागतो.

बटण बंद, तरी माळ मिणमिणते

हिची गंमत वाटते लोकांना. पोरं म्हणतात भूत आहे. बहुतेक वेळा होतं असं, की बटण फेजच्या ऐवजी न्यूट्रल तोडतंय. म्हणजे बटण बंद केलं तरी माळेत फेज उभीच आहे, आणि तुम्ही बंद समजून ती हाताळता. टेस्टर घ्या, बटण बंद ठेवून सॉकेटच्या दोन्ही भोकांत एकेक करून लावा. बटण बंद असताना टेस्टर पेटता कामा नये. पेटला तर बोर्डातली वायर बदलून घ्या. कधी लांब वायर शेजारून गेल्यामुळेही एलईडी अगदी अंधूक पेटतात, तो धोका नसतो. पण टेस्टर लावल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही. दोन्ही वेळा नियम एकच. माळेला हात लावायचा तर पिन काढून.

अर्धी माळ पेटत नाही

एलईडी माळ म्हणजे तुकड्यातुकड्यांत सिरीज. एका एलईडीला दोन ते तीन व्होल्ट पुरतात, म्हणून बरेच एका ओळीत जोडून ती ओळ २३० व्होल्टवर चालवतात. ओळीतला एक दिवा सुटला किंवा वायर तुटली की ती पूर्ण ओळ जाते आणि बाकीच्या ओळी चालू राहतात. म्हणून अर्धी पेटते, पाव पेटते.

इथे लोक एक जुगाड करतात आणि तो फार वाईट आहे. मेलेले दिवे कापून टाकायचे आणि वायर जोडून द्यायची. जुन्या काचेच्या बल्बांच्या माळेवर हिशोब सोपा आहे. सहा व्होल्टचे चाळीस बल्ब म्हणजे २४० व्होल्ट, सगळे सुखात. दहा कापले, उरले तीस. आता २३० व्होल्ट तिसांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात व्होल्टच्या वर. माळ पहिल्यापेक्षा झगझगीत दिसते, मालक खूश. आठवड्यात बल्ब एकामागून एक जायला लागतात आणि होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडतं. तेच एलईडीत. ऐंशी-शंभर रुपयांच्या माळेला शस्त्रक्रिया करू नये, सरळ टाकावी.

दुकानात मी आलेली प्रत्येक माळ आधी सिरीज बोर्डावर लावतो. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्याच्यामागे सिरीजमध्ये माळ. माळ ठीक असेल तर माळ पेटते आणि बल्ब काळाच राहतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब फकदिशी पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. रिवायंडिंगवाल्याकडे हा बोर्ड असतोच. दोन मिनिटांचं काम आहे, कुणी पैसे मागत नाही.

पत्रा, गेट आणि तुळस

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ च्या ३० सप्टेंबरनंतर, मातीच्या माळवदाखाली झोपायची धास्ती बसली आणि लातूर-धाराशिवकडे कित्येकांनी पत्र्याखाली राहणं पत्करलं. आमच्याकडेही स्लॅबवर एक पत्र्याची खोली असतेच. पत्र्याची कड म्हणजे सुरीच. माळेची वायर कडेवरून आत ओढली, वाऱ्याने दोन दिवस घासली, की इन्सुलेशन जातं आणि अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. मग पत्रा, त्याला टेकलेला पाइप, पाइपला बांधलेली कपड्यांची तार, सगळंच लाइनवर. वायर कडेवरून न्यायचीच असेल तर तिथे फुटाचा प्लास्टिक पाइपचा तुकडा चिरून बसवा. आणि पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग करून घ्या, एका वायरमनचं एका तासाचं काम आहे.

लोखंडी गेटवर माळ बांधायची तर बाइंडिंग वायर अजिबात नको. पिळ देताना ती माळेची पातळ वायर कापते. सुतळी चांगली, प्लास्टिकचे टाय त्याहून चांगले. खिळ्यालाही वायर अडकवू नका. गेट उघड-झाप होताना बिजागरीत वायर सापडते तेही बघा, हा दोष मी निदान दहा घरी पाहिलाय.

तुळशीवृंदावनाची माळ सगळ्यांना गोड वाटते. पण रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालतात, ओल्या अंगाने, अनवाणी, हात कडेला टेकवून. तिथे २३० व्होल्टची माळ मी लावू देत नाही. अडॅप्टरवर चालणारी बारा व्होल्टची किंवा सेलवरची लावा, अडॅप्टर घरात कोरड्यात. बाहेरच्या माळेच्या पाकिटावर आयपी पुढे आकडे असतात, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. आयपी २० म्हणजे घरातच. पाऊस लागणार तिथे आयपी ६५ घ्या. अडॅप्टरवर बीआयएसचा आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. माळेचा चेंजर, म्हणजे लुकलुक बदलणारी ती छोटी डबी, जमिनीवर पडू देऊ नका. पाणी शिरायला तिच्यासारखी जागा नाही.

पिनेऐवजी काडी

कितीही सांगितलं तरी हे सुटत नाही. माळेची पिन तुटली की उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालायच्या आणि काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. तिथे संपर्क ढिला असतो, ठिणग्या उडतात, प्लास्टिक तापतं. टू-पिन पंधरा-वीस रुपयांना मिळते.

आणि याच दिवसांत घरात काय असतं? पहिल्या वेचणीचा कापूस. जागा नसते म्हणून ओसरीत, बैठकीत, छताला टेकेल इतका. मागे परसात सोयाबीनचं भुसकट आणि कडब्याची गंजी. मागच्या खेपेला एका खेड्यात अर्थिंग बघायला गेलो, तर कापसाच्या ढिगावरच माळेचं वेटोळं पडलेलं, वरच्या खिळ्याला जागा नव्हती म्हणून. त्याच बोर्डाला दोन काड्या खोचलेल्या. मी काही बोललो नाही, आधी पिन उपटली. "काहून काढली भाऊ?" म्हणून घरचा म्हातारा रागावला. ठिणगी आणि सरकीचा कापूस यांच्यात हातभराचंही अंतर नव्हतं. कापूस असलेल्या खोलीत माळ नको, एक्स्टेन्शन बोर्डही नको.

महालक्ष्म्यांच्या आरासीतही हेच सांभाळा. जरीच्या साड्या, मागे झिरमिळ्यांचा पडदा, थर्माकोल, आणि आत दडवलेली माळ. एलईडी फार तापत नाही, पण जॉइंट आणि अडॅप्टर तापतात. ते पडद्याबाहेर उघड्यावर ठेवा, तासाभराने हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर काढून टाका. आकाशकंदिलात साठ वॅटचा पिवळा बल्ब लावणारे अजून आहेत. कागदाच्या कंदिलात पाच वॅटचा एलईडी भरपूर झाला. कंदील दोरीला टांगा, वायरीला नाही. वजनाने होल्डरमधला स्क्रू सैल होतो.

गावाकडची आणखी एक खोड. डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रल गेली की लोक सळई ठोकून अर्थवर लाइट चालवतात. मग ईएलसीबी टिकणार नाहीच, आणि त्या सळईजवळ ओल्या जमिनीत ढोर गेलं तर ढोर मरतं. न्यूट्रल गेल्याची तक्रार १९१२ ला करा. आणि महावितरणच्या खांबाला माळ बांधायची नाही, मंडळाच्या पोरांनी कितीही आग्रह केला तरी.

कुणाला करंट लागलाच तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरड्या काठीने वायर बाजूला सारा, मग १०८ ला फोन. माणूस उठून बसला, बरा दिसला, तरी दवाखान्यात दाखवा.

आमच्या घरचं सांगायचं राहिलं. गिझरची कॉइल बदलली, तो जॉइंट असलेली माळ फेकली. ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबतो. दाबल्यावर पडली नाही तर ती ईएलसीबी बदलायची. गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे पाचला गिझर आणि सगळ्या माळा चालू ठेवून मी बोर्डासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. आईने उटणं लावायला तीनदा हाका मारल्या. सहाला दहा कमी असताना उठलो. तुळशीच्या लग्नानंतर माळा काढल्या, पुठ्ठ्यावर गुंडाळल्या, आणि उंदराच्या भीतीने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. प्रत्येकीच्या पिनेला कागद चिकटवलाय: गच्ची, गेट, देवघर. रेलिंगच्या कागदावर आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "जॉइंट नाही."